मॅग्नेशियम, निद्रा आणि पुरुषाची कामेच्छा

भारताच्या संसदेने १९५४ साली आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा एक कायदा केला. औषधे आणि जादूचे उपाय यांच्याविषयीच्या जाहिरातींना तो लागू आहे. ज्या जाहिराती या कायद्याने निषिद्ध ठरविल्या, त्यांत मनुष्याची कामसुखाची क्षमता टिकविण्याचा अथवा वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीही येतात. असा कायदा करण्याची गरज का भासावी, हे समजणे कठीण नाही. कामेच्छा मंदावली तर मनुष्य ते चारचौघांत बोलत नाही, घरातही बोलत नाही, पुष्कळदा वैद्यालाही सांगत नाही. जी चिंता बोलून दाखविता येत नाही, तिच्यावर उपाय विकणाऱ्याला कोणी प्रश्नही विचारीत नाही.

निद्रेचे दुःख त्या मानाने उघड असते. परंतु तेही मनुष्याला हतबल करते. या दोन्ही दुःखांवर एकच उपाय म्हणून अलीकडे मॅग्नेशियमच्या गोळ्यांचे नाव घेतले जाते. गोळी घेतली की झोप गाढ लागते आणि पुरुषाची कामेच्छाही वाढते, असे सांगण्यात येते. हे कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रथम मॅग्नेशियम हे काय आहे ते पाहू. मग शरीरात ते कोणते कार्य करते ते पाहू. आणि शेवटी प्रत्यक्ष प्रयोगांत काय आढळले त्याची छाननी करू.

मॅग्नेशियमची ओळख

लंडनच्या दक्षिणेस एप्सम नावाचे गाव आहे. सतराव्या शतकात तेथील झऱ्याचे कडू पाणी औषधी म्हणून प्रसिद्धीस आले. नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याने १६९५ साली या पाण्यातील मिठाचे वर्णन केले. रेचक म्हणून आजही परिचित असलेले ‘एप्समचे मीठ’ ते हेच. रसायनशास्त्रात त्यास मॅग्नेशियम सल्फेट म्हणतात. पुढे १७५५ साली एडिंबरो येथील जोसेफ ब्लॅक याने मॅग्नेशिया व चुना हे दोन भिन्न पदार्थ असल्याचे दाखविले. १८०८ साली हंफ्री डेव्ही याने विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने मॅग्नेशियम हे मूलद्रव्य वेगळे केले. त्याचा अणुक्रमांक १२ असून अणुभार सुमारे २४.३ आहे.

सजीव सृष्टीत या मूलद्रव्याचे स्थान किती मोलाचे आहे, हे कोणत्याही हिरव्या पानाकडे पाहिले असता कळते. पानाला हिरवा रंग देणारे आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणारे जे हरितद्रव्य, त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड व्हिल्स्टेटर याने हरितद्रव्य व इतर वनस्पतिरंग यांविषयी जे संशोधन केले, त्याबद्दल त्यास १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीरातील कार्य

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक भाग हाडांत आणि उरलेला बहुतेक भाग स्नायू व इतर मऊ भागांत असतो. रक्तद्रवात एकूण साठ्याच्या शेकडा एक भागही नसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रक्तातील प्रमाण घसरू लागले की शरीर हाडांच्या साठ्यातून ते भरून काढते आणि मूत्रपिंडे बाहेर जाणारे मॅग्नेशियम अडवून धरतात. त्यामुळे रक्ततपासणी ठीक दिसत असूनही आतील साठा कमी झालेला असू शकतो.

पेशीत जी ऊर्जा वापरली जाते ती ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट नावाच्या संयुगात साठविलेली असते. हे संयुग बहुधा मॅग्नेशियमशी जोडलेल्या स्वरूपातच कामास येते. शरीरातील तीनशेहून अधिक विकरांना आपले कार्य करण्यासाठी मॅग्नेशियमची मदत लागते.

हे मूलद्रव्य आहारातून वगळले तर काय होते, याचा प्रयोग अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, क्रूझ, ओरेंट व मकॉलम या तिघांनी केला व १९३२ साली प्रसिद्ध केला. मॅग्नेशियमविरहित अन्नावर ठेवलेल्या उंदरांच्या कानांतील रक्तवाहिन्या विस्फारल्या, ते अतिशय बुजरे व उत्तेजित झाले, त्यांना झटके आले आणि अखेर ते मेले. मॅग्नेशियमच्या अभावी मज्जासंस्था बेभान होते, असा या प्रयोगाचा अर्थ होता.

असे का व्हावे, याचे एक उत्तर १९८४ साली पॅरिस येथील व अमेरिकेतील बेथेस्डा येथील संशोधकांच्या दोन स्वतंत्र गटांनी दिले. मेंदूतील पेशींवर ग्लुटामेट या उत्तेजक द्रव्याला प्रतिसाद देणारी सूक्ष्म द्वारे असतात. त्यांतील एका प्रकारच्या द्वारात मॅग्नेशियमचा आयन दाराला लावलेल्या अडसरासारखा बसलेला असतो. पेशी पुरेशी उत्तेजित झाल्यावरच हा अडसर दूर होतो. अडसर नसेल तर दार वाजवी कारणाशिवायही उघडेल आणि पेशी विनाकारण उत्तेजित होईल, हे उघड आहे.

येथपर्यंतचे ज्ञान भक्कम आहे. मॅग्नेशियम आवश्यक आहे, आणि त्याचा अभाव घातक आहे. परंतु पुष्कळदा यापुढे एक उडी मारली जाते. मॅग्नेशियम नसल्याने मज्जासंस्था अस्वस्थ होते, म्हणून अधिक मॅग्नेशियम घेतल्याने ती अधिक शांत होईल, असे अनुमान काढले जाते. हे अनुमान बरोबर असेलच असे नाही. समईत तेल नसेल तर ज्योत विझते. पण काठोकाठ भरलेल्या समईत आणखी तेल ओतल्याने ज्योत मोठी होत नाही, तेल मात्र सांडते. मॅग्नेशियम समईच्या तेलाप्रमाणे वागते की काय, हे तर्काने ठरणार नाही, प्रयोगानेच ठरेल.

प्रयोग कसा करावा?

झोप आणि कामेच्छा या दोन्ही गोष्टींवर मनाचा फार मोठा प्रभाव असतो. आपण औषध घेतले आहे या नुसत्या भावनेनेही कित्येकांना बरे वाटते. याचा एक जुना दाखला उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स याने १७९६ साली धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे एकस्व मिळविले. त्या दुखऱ्या भागावरून फिरविल्या की वेदना जातात, असा त्याचा दावा होता, आणि हजारो लोकांना तसा अनुभवही येत असे. इंग्लंडमधील बाथ येथे जॉन हेगार्थ या वैद्याने १७९९ साली धातूसारख्या दिसणाऱ्या लाकडी कांड्या करविल्या आणि संधिवाताच्या पाच रोग्यांवर त्यांचा उपयोग केला. पाचांपैकी चौघांना आराम वाटला. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या असता निष्पत्ती तशीच झाली. गुण कांड्यांचा नव्हता, विश्वासाचा होता.

म्हणून आज औषधाची परीक्षा घेताना माणसांचे दोन गट पाडतात. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवितात. एका गटास खरी गोळी व दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषध गोळी देतात. कोणास काय मिळाले हे ना घेणाऱ्यास ठाऊक असते, ना देणाऱ्यास. या कसोटीवर मॅग्नेशियमचे दोन दावे आता घासून पाहू.

निद्रेवरील परिणाम

जर्मनीतील म्युनिक येथे केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२ वृद्ध व्यक्तींना सुमारे तीन आठवडे मॅग्नेशियम व तितकाच काळ निरौषध गोळी देण्यात आली. झोपेत मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद घेतली गेली. गाढ झोपेचा जो मंदलहरींचा भाग असतो, तो निरौषध काळात सरासरी सुमारे १० मिनिटे व मॅग्नेशियमच्या काळात सुमारे १६ मिनिटे आढळला. फरक दिसतो, परंतु माणसे अवघी १२ होती.

इराणमधील तेहरान येथे निद्रानाश असलेल्या ४६ वृद्धांवर केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. एका गटास रोज ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आठ आठवडे दिले. प्रश्नावलीवरून मोजलेली निद्रानाशाची तीव्रता त्या गटात अधिक कमी झाली आणि झोप लवकर लागू लागली. मात्र झोपेच्या एकूण तासांत दोन्ही गटांत निर्णायक फरक आढळला नाही.

२०२१ साली अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. कसोटीस उतरणारे प्रयोग तीनच निघाले आणि त्यांतील एकूण व्यक्ती १५१, सर्व वयस्क. मॅग्नेशियम घेणाऱ्यांस झोप लागण्यास सरासरी सुमारे १७ मिनिटे कमी लागली. झोपेचा काळ सुमारे १६ मिनिटांनी वाढलेला दिसला. परंतु हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. सर्वच प्रयोगांत रचनेचे दोष असल्याने हा पुरावा दुबळा आहे, असे आढावा घेणाऱ्यांनी स्वतःच नमूद केले.

यावरून काय म्हणता येईल? निद्रानाश असलेल्या वृद्धांना मॅग्नेशियमचा थोडा उपयोग होण्याचा संभव आहे. वृद्धांचा आहार कमी असतो, आतड्यांतील शोषण मंदावते, आणि काही औषधांमुळे मॅग्नेशियम शरीराबाहेर अधिक जाते; म्हणजे त्यांच्यापैकी कित्येकांच्या समईत तेल मुळातच उणे असण्याचा संभव अधिक. तथापि यावरून तीस वर्षांच्या धडधाकट माणसास त्याच गोळीने गाढ झोप लागेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या वयाच्या माणसांवर हे प्रयोग झालेलेच नव्हते.

कामेच्छेवरील परिणाम

पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन नावाचा अंतःस्राव तयार होतो. तो १९३५ साली प्रथम शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आला. कामेच्छा टिकण्यासाठी हा अंतःस्राव लागतो; परंतु इच्छा काही केवळ त्यावर अवलंबून नसते. मनाची स्थिती, पतिपत्नींमधील संबंध, थकवा, दुःख, मद्यपान, इतर रोग आणि औषधे या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ७९० पुरुषांवर झालेली एक मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. या सर्वांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी होते. ज्यांना तो अंतःस्राव मलमाच्या रूपाने दिला, त्यांची कामेच्छा निरौषध मलम लावणाऱ्यांपेक्षा वाढली. पण वाढ माफकच होती. म्हणजे उणीव असलेल्यांना खुद्द अंतःस्राव दिला तरी लाभ मर्यादितच असतो.

आता मॅग्नेशियमकडे वळू. इटलीतील कियांती प्रदेशातील ३९९ वृद्ध पुरुषांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात मॅग्नेशियम अधिक, त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनही अधिक, असे तीत आढळले. ही नोंद महत्त्वाची आहे. परंतु दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. बेडूक ओरडतात तेव्हा पाऊस पडतो, पण बेडकांच्या ओरडण्याने पाऊस पडत नाही. ज्या वृद्धाची प्रकृती चांगली व आहार पुरेसा, त्याच्या शरीरात दोन्ही द्रव्ये अधिक असतील, हेही संभवते.

तुर्कस्तानातील संशोधकांचा एक प्रयोगही २०११ सालचाच आहे. त्यात तीन लहान गट होते: व्यायाम न करता मॅग्नेशियम घेणारे, तायक्वांदोचा व्यायाम करून मॅग्नेशियम घेणारे, आणि व्यायाम करून मॅग्नेशियम न घेणारे. चार आठवड्यांनी मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन वाढलेले आढळले. व्यायाम करणाऱ्यांत वाढ अधिक होती. या प्रयोगाचा आधार पुष्कळ ठिकाणी दिला जातो. परंतु त्यात व्यायामही नाही आणि मॅग्नेशियमही नाही असा चौथा गट नव्हता, हे वाचकांच्या ध्यानात येईल. शिवाय मात्रा होती दर किलोग्रॅम वजनास १० मिलिग्रॅम. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसास हे ६०० मिलिग्रॅम होतात.

जस्त, मॅग्नेशियम व ब-६ जीवनसत्त्व यांचे एक मिश्रण खेळाडूंमध्ये विकले जाते. त्याने टेस्टोस्टेरॉन वाढते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे म्हणणे होते. मात्र त्याच्या लेखकांपैकी एकाचा त्या मिश्रणाच्या विक्रीशीच संबंध होता. पुढे २००४ साली अमेरिकेत ४२ कसरतपटूंवर आठ आठवडे आणि २००९ साली जर्मनीत १४ पुरुषांवर असे प्रयोग इतरांनी केले. दोहोंतही टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे आढळले नाही.

येथे आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. कियांती, तुर्कस्तान व कसरतपटू या तिन्ही प्रकारच्या अभ्यासांत रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजले गेले. कामेच्छा मोजली गेली नाही. ‘मॅग्नेशियमने कामेच्छा वाढते’ हे विधान म्हणजे दोन पायऱ्या एकदम चढून जाणे होय. पहिली पायरी डळमळीत आहे आणि दुसरी या अभ्यासांत बांधलेलीच नाही.

निद्रेचा दुवा

तरीही एक मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग झोपेच्या काळात स्रवतो. शिकागो विद्यापीठात १० निरोगी तरुणांना आठ रात्री केवळ पाच-पाच तास झोपू देण्यात आले. त्यांच्या दिवसाच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये शेकडा १० ते १५ इतकी घट झाली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. हाही प्रयोग लहानच आहे. परंतु अपुऱ्या झोपेने माणूस थकतो, चिडखोर होतो व त्याची इच्छा मावळते, हा सार्वत्रिक अनुभव आहे आणि प्रयोग त्याच्याशी जुळतो.

यास्तव मॅग्नेशियमच्या उणिवेने एखाद्याची झोप बिघडली असेल आणि ती उणीव भरून काढल्याने झोप सुधारली, तर त्याची कामेच्छाही सुधारू शकेल. पण अशा वेळी श्रेय झोपेचे असते. ज्याची झोप रात्रपाळीने, उशिरापर्यंतच्या जागरणाने किंवा संध्याकाळच्या चहाने मोडली आहे, त्याने गोळीत उत्तर शोधणे व्यर्थ आहे.

अन्न की गोळी?

अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने १९९७ साली प्रौढ पुरुषांसाठी रोज ४०० ते ४२० व स्त्रियांसाठी ३१० ते ३२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम योग्य ठरविले. आपल्या नेहमीच्या अन्नातून एवढे मिळणे अवघड नाही. ज्वारी, बाजरी व नाचणी यांच्या दर १०० ग्रॅममध्ये शंभराहून अधिक मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. असडीक तांदळात ते सुमारे ९० मिलिग्रॅम असते. तोच तांदूळ सडून पांढरा केला की सुमारे २० मिलिग्रॅमच उरते. डाळी, भुईमूग, तीळ व पालेभाज्या यांतही ते भरपूर असते. भाकरी, उसळ, पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी असे जेवण करणाऱ्यास गोळीची गरज सहसा पडू नये.

गोळीच्या वेष्टनावरील आकडाही समजून वाचावा लागतो. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये शुद्ध मॅग्नेशियम शेकडा ६० असते. एप्समच्या मिठात ते शेकडा १० च्या आतच असते. म्हणून ‘५०० मिलिग्रॅम’ हा आकडा संयुगाचा की मूलद्रव्याचा, हे पाहिले पाहिजे. वर सांगितलेल्या संस्थेने गोळ्या-औषधांतून घ्यावयाच्या मॅग्नेशियमची रोजची कमाल मर्यादा ३५० मिलिग्रॅम ठेवली. त्यापलीकडे जुलाबाचा त्रास होऊ लागतो. मूत्रपिंडे निरोगी असतील तर ती जादा मॅग्नेशियम बाहेर टाकतात. मूत्रपिंडांचा विकार असेल तर ते रक्तात साठते. रक्तदाब उतरतो, स्नायू दुर्बल होतात, श्वास मंदावतो आणि हृदयही बंद पडू शकते. काही प्रतिजैविके व थायरॉइडची औषधे यांचे शोषण मॅग्नेशियममुळे कमी होते. म्हणून ती एकाच वेळी घेऊ नयेत.

उणीव खरोखर कोणास संभवते, तेही सांगितले पाहिजे. दीर्घकाळ जुलाब होणारे, अतिमद्यपी, मधुमेह आटोक्यात नसलेले, आणि मूत्रल अथवा जठरातील आम्लस्राव रोखणारी औषधे दीर्घकाळ घेणारे यांनी वैद्याकडून तपासणी करून घ्यावी. त्यांच्यासाठी मॅग्नेशियम हे खरोखरच औषध ठरते.

निष्कर्ष

आतापर्यंतच्या विवेचनाचा सारांश असा. मॅग्नेशियम शरीरास अत्यावश्यक आहे. त्याची उणीव असेल तर ती भरून काढल्याने लाभ होतो. निद्रानाश असलेल्या वृद्धांना त्याचा अल्प उपयोग होत असावा. पुरावा दुबळा आहे. निरोगी व पुरेसे खाणाऱ्या पुरुषाची कामेच्छा मॅग्नेशियमने वाढते, हे सिद्ध झालेले नाही.

गोळी निरुपद्रवी असेल तर घेऊन पाहण्यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. कामेच्छा कमी होणे वा शिश्नास ताठरता न येणे हे कित्येकदा मधुमेहाचे, रक्तवाहिन्या कठीण होण्याचे किंवा नैराश्याचे पहिले चिन्ह असते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि दिवसा पेंग येणे हा श्वसनाचा विकार असू शकतो. अशा मनुष्याने सहा महिने गोळ्या घेत वाट पाहिली, तर पैसे जातात ही हानी लहान. सहा महिने जातात ही हानी मोठी. यास्तव ज्याची तक्रार काही आठवडे टिकून आहे, त्याने संकोच सोडून वैद्याकडे जावे. वैद्याला अशा तक्रारी नवीन नसतात, आणि त्या सांगण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

स्वाध्याय

१. रक्ततपासणीवरून शरीरातील मॅग्नेशियमच्या साठ्याची पूर्ण कल्पना का येत नाही?

२. हेगार्थने लाकडी कांड्या वापरून काय सिद्ध केले? मॅग्नेशियमच्या प्रयोगांत लाकडी कांड्यांची जागा कोणती वस्तू घेते?

३. तुर्कस्तानातील प्रयोगात चौथा गट असता तर कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते?

४. ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मूलद्रव्य मॅग्नेशियम किती, याचे गणित करा. (ऑक्सिजनचा अणुभार १६ धरावा.)

५. एखादी जाहिरात निवडा. तिच्यात सांगितलेला परिणाम प्रत्यक्ष मोजला गेला आहे, की दुसरीच एखादी गोष्ट मोजून त्यावरून अनुमान काढले आहे, याची चर्चा करा.